उखळ नावाची ढालवाली

३ फेब्रुवारी

अहो,

गेममधल्या टपालपेटीत बायकोचं पत्र बघून दचकाल. मला तरी कुठे ठाऊक होतं असं पत्र टाकता येतं म्हणून. पण तुमचा फोन लावला की ती बाई म्हणते हा नंबर वापरात नाही, आणि तुमचा तिकडचा पत्ता मला कोणी देत नाही. तुमच्या आई म्हणतात, त्याचाच पाय एका जागी नाही, तुला कुठला पत्ता देऊ.

परवा गोटी फार किरकिरत होती. तुमचा कॉम्प्युटर झाकून ठेवलाय तो उघडला, म्हटलं पोरीला गेममधले घोडे दाखवावेत. बघते तर तुम्ही गेममध्ये घेता त्या कोल्ह्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे त्याच घडीला तुम्ही कुठेतरी बसून खेळत होतात. मी तशीच खुर्चीत बसले. कामाला म्हणून गेलात त्याला वर्ष होऊन गेलं, आणि हा ठिपका आपला मजेत. राग यायला हवा होता. पण आधी हुश्श झालं. माणूस आहे म्हटलं. जिवंत आहे.

लगेच निरोप लिहिला, तर उत्तर आलं की कोल्हा लांबून आलेले निरोप घेत नाही. समोर जाऊन उभं राहिलं तरच बोलता येतं. तुम्ही असता उत्तरेच्या बर्फात, तिकडे जायला राखेचा पूल लागतो, आणि पुलावर तो दगडी राक्षस. गेले मी माझी वैदीण घेऊन. तुम्हीच बनवून दिली होती लग्न झाल्यावर. म्हणाला होतात, तू फक्त माझ्या मागे उभी राहा आणि मला बरं करत राहा. तर ती वैदीण पुलावर चढली, राक्षसाने एक फटका दिला, मेली. पुन्हा गेले, पुन्हा मेली. म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. तुमच्या आई रविवारी आल्या होत्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “गोटीला थोरल्याकडे ठेवायचं ठरलंय. उन्हाळ्यात नेऊ.”

“कोणी ठरवलं?”

“कोणी म्हणजे? तिच्या बापाने. तो हो म्हणालाय.”

“मला नाही काही बोलले ते.”

“तुला बोलायला तू त्याला सापडतेस कुठे?”

आता बघा. हरवले तुम्ही, आणि सापडत नाही मी.

भाऊजींना मूल नाही, कळतं मला. जाऊबाई किती डॉक्टर फिरल्या तेही कळतं. पण मूल म्हणजे काय पातेलं आहे, एकीकडे नाही म्हणून दुसरीकडचं उचलून द्यायला? तुम्ही असं म्हणाला नसाल. तुमच्या नावावर आईच काहीतरी दडपून सांगतायत. तुमचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत, म्हणून विनंती आहे, एक फोन करा त्यांना आणि म्हणा, गोटी तिच्या आईपाशी राहील. एवढंच. परत या असंसुद्धा म्हणत नाही.

बाकी सगळं ठीक आहे. गोटी मजेत आहे. मीही मजेत आहे.


१९ फेब्रुवारी

अहो,

माझं पत्र परत आलं. वर लाल अक्षरात लिहिलं होतं, ज्याला पाठवलं त्याने उघडलं नाही. पंधरा दिवस कोणी उघडलं नाही की येतं म्हणे परत. आणि त्या पंधरा दिवसांत हिरवा ठिपका मी रोज दुपारी बघत होते. पेटीवर झेंडा लागतो ना पत्र आलं की? त्या झेंड्याच्या बाजूनेच जात असाल.

असू दे. कामात राहिलं असेल. तेच पत्र आज पुन्हा टाकलंय, आणि हे दुसरं.

आईंचं मी खोटं सांगत नाही. या आठवड्यात दोनदा येऊन गेल्या. खोली भाऊजींच्या नावावर आहे, त्यामुळे दार वाजवायची त्यांना गरज वाटत नाही. मी लाँड्रीतल्या कामावरून येते तेव्हा कधीकधी आधीच आत बसलेल्या असतात. डबे उघडून बघतात. मी काही म्हणत नाही. माझं माहेर असतं तर म्हटलं असतं काहीतरी.

मला गेममध्ये एक बाई भेटली. कासव तिचं नाव, म्हणजे गेममधलं. खरं मला ठाऊक नाही, तिलाही माझं नाही. शाळेची बस चालवते. पोरं शाळेत सोडली की सुटेपर्यंत बस एका झाडाखाली लावून फोनवर खेळत बसते. पुलाच्या अलीकडे मी मरून पडले होते तेव्हा तिनेच उठवलं.

“काय गं, जिवावर उदार झालीस का? रोज येतेस आणि रोज मरतेस.”

म्हटलं, “पलीकडे माझं माणूस आहे.”

“मग माणसाला म्हण अलीकडे ये.”

“तो येत नाही.”

“हं. तसलं माणूस होय.” मग म्हणाली, “अगं, वैदीण कुठे एकटी पूल चढते? तुझ्याकडे आहे काय, पट्ट्या आणि काढे. राक्षसाला काय काढा पाजणार आहेस? कोणी बनवली ही?”

“नवऱ्याने.”

“वाटलंच. सगळे पॉइंट दुसऱ्याला बरं करण्यात घातलेत. हिला दम नाही, ताकद नाही, नुसता जीव लावायचा.”

मी विचारलं पॉइंट बदलता येतील का. म्हणाली, टाकले ते टाकले. दुसरी बनव. आणि या वेळी आधी विचार कर, मग हात लाव.

म्हणून मी दुसरी बनवायचं ठरवलंय. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता तेच डोक्यात असतं. तिकडून एक बाई दोन टोकं धरते, इकडून मी दोन, मधे चालत येऊन टोकाला टोक लावायचं, आणि माझ्या मनात आपलं चाललेलं, दम किती, ताकद किती. मागे ठेकेदार ओरडला, “अहो बाई, चादर आहे ती, लग्नाचा अंतरपाट नाही, किती वेळ धरून उभ्या राहणार?”

डोंगरी जातीची बनवणार. बुटकी, रुंद, तोंडाने काही खास नाही. त्या उंच, लांब केसांच्या दिसायला छान, पण फटका खात नाहीत. जादू शून्य. चपळाई शून्य. सगळं दमात आणि ढालीत. कासव म्हणाली, “चपळाई नसेल तर पळता येणार नाही हं.” म्हटलं, मला तसंही पळून कुठे जायचंय? एक विद्या असते, पाय रोवणे. ती वापरली की राक्षस बाकीच्यांना सोडून आपल्याच अंगावर येतो, आणि घाव संपेपर्यंत आपल्याला जागचं हलता येत नाही. ती मी पहिली घेणार.

नाव सुचत नव्हतं. कासव म्हणाली, “सगळ्यांचे घाव खायला निघालीस तर उखळ ठेव.” तेच ठेवलं.


१० मार्च

अहो,

दोन्ही पत्रं परत आली. आता मी पत्रं टाकते ते देवाला हात जोडतात तसं. ऐकतो का बघायचं नाही, जोडायचे.

उखळ वाढतेय. सुरुवातीला रानडुकरं मारायची, मग कुणाची पोती या गावाहून त्या गावाला न्यायची, मग चोर. पाठीवर ओझं घेऊन ती चालते ना, मला हसू येतं. माझ्यासारखीच चालते. पण फटका बसला की पडत नाही. पहिल्यांदा एका अस्वलाने तिला मारलं आणि ती उभीच राहिली, तेव्हा मी खुर्चीत ताठ झाले. गोटी खाली भांड्यांशी खेळत होती, तिला म्हटलं, बघ गं बघ, उभी आहे. तिने वर बघून टाळ्या वाजवल्या. तिला काय कळतंय.

सकाळची पाळी असते माझी. दुपारी गोटीला शेजारच्या शिंपीणबाईकडून आणते, जेवू घालते, ती निजली की खेळते. कधी निजत नाही, तेव्हाही खेळते. हे तुम्हाला आईंनी सांगितलं तर मी सांगितलं नाही असं नको व्हायला.

काल आई आणि जाऊबाई दोघी आल्या. आई म्हणाल्या, “किती वाळलीय ही पोर! दिवसभर त्या शिंपिणीच्या चिंध्यांत लोळते.”

म्हटलं, “वाळली नाही, उंच झालीय.”

“हो ना. उंच झाली म्हणे. तुला तर सगळं चांगलंच दिसतं.”

जाऊबाईंनी दोन फ्रॉक आणले होते. मोठे होते. मी म्हटलं मापाचे नाहीत, तर आई पटकन म्हणाल्या, “बसतील. तिकडे वाढेलच ना.” जाऊबाई वाईट नाहीत हो. गोटीला मांडीवर घेतात तेव्हा श्वाससुद्धा जपून घेतात, जसं काही जोरात घेतला तर कोणी परत मागेल. आईंची मला भीती वाटते, पण जाऊबाईंची जास्त वाटते.

मी आईंना म्हटलं, “त्यांनी स्वतः मला सांगू दे, मग बघू.”

“तो सांगेल तुला? तो?” आणि हसल्या. चप्पल घालेपर्यंत हसत होत्या.

मी सांगायला लावेन. पूल ओलांडायला थोडंच राहिलंय. तुमच्यासमोर उभी राहिले की तुम्हाला तोंड फिरवता येणार नाही. त्या वेळी एक शब्द बोला. हो की नाही.


२८ मार्च

अहो,

मी तुम्हाला भेटले. तुम्हाला ठाऊक नाही, पण भेटले.

मंगळवारी पूल ओलांडला. राक्षसाने मारलं, मी पाय रोवले, त्याने पुन्हा मारलं, मी उभीच. कासव मागून दगड मारत होती आणि ओरडत होती, “धर गं, धर!” शेवटी तो खाली कोसळला. कासव म्हणाली, “जा आता, भेट तुझ्या माणसाला. माझी पोरं सुटायची वेळ झाली.” आणि गेली.

पलीकडे बर्फच बर्फ. शेकोटीपाशी तुमचा कोल्हा बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. “अहो” एवढं लिहिलं, आणि पाठवायच्या आत तुमचंच आलं.

“ओ उखळबाई, वाट चुकलात का? इकडे मोठी माणसं खेळतात.”

मी “अहो” पुसलं. गेममध्ये सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, म्हणून लिहिलं, “अरे, मोठी माणसं कुठे दिसत नाहीत म्हणून विचारायला आले.”

तुम्ही हसलात. किती दिवसांनी मी तुम्हाला हसवलं. आणि जन्मात पहिल्यांदा तुम्हाला अरे म्हटलं. पहिल्यांदा अक्षर चुकलं, दुसऱ्यांदा नाही.

मग तुम्ही माझी ढाल बघितलीत. म्हणालात, “सगळे पॉइंट एकाच ठिकाणी? कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. मीच ठरवलं.”

“छाती लागते असं करायला. मला अशीच ढालवाली हवी होती. आधी माझ्यामागे एक वैदीण असायची.”

“मग? कुठे गेली?”

“असेल कुठेतरी.”

तुम्हीच पुढे बोलत राहिलात. तिकडे गोदामात काम आहे, दुपारी सुट्टी होते, जेवण वाईट, साहेब बरा. मी विचारलं घरी कोण कोण. तुम्ही लिहिलंत, “एकटा जीव. कटकट नाही.”

तिथेच सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, ती वैदीण मीच, पेटी उघडा. पण तुम्ही इतके छान बोलत होतात. माझ्याशी असे कधी बोलला नव्हतात. आणि भीती वाटली. नाव कळलं की हिरवा ठिपका विझेल, कोल्हा दुसरीकडे निघून जाईल, आणि मग मला कुठलाच पूल उरणार नाही. म्हटलं आधी ओळख पक्की होऊ दे, माणूस थोडा वितळू दे, मग सांगू. कासव म्हणते, “वितळायला तो काय लोणी आहे?” तिचं काय जातं बोलायला.

सांगेन. चार दिवसांत सांगते.


६ एप्रिल

अहो,

आज थोडंच लिहिते. गोटीला जरा लागलंय. काही नाही, कपाळावर. पोरं पडतातच.

गुहेतला तिनडोक्या राक्षस तुम्ही आम्ही मिळून मारला ते बरं झालं. तुम्ही इतके दिवस त्याच्या मागे होतात. तुमचा आनंद बघून मलाही वाटलं बरं.

आई परवा यायच्या आहेत. त्यांना फोन कराल ना?


९ एप्रिल

अहो,

आता मी हे तुम्हाला लिहीत नाही. ही पेटी कोणी उघडत नाही म्हणून लिहिते. न उघडणाऱ्याला सगळं सांगता येतं.

त्या दिवशी गोटी निजली नव्हती. तिनडोक्या शेवटच्या डोक्यावर आला होता, मी पाय रोवलेले. तुम्ही लिहीत होतात, ढाल सोडू नको, काही झालं तरी सोडू नको, सोडलीस तर सगळे मरू. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गोटी खिडकीपाशी चढत होती. मला ऐकू आलं. मी ऐकलं हो. म्हटलं दोनच फटके राहिलेत, मग बघते. आणि धाडकन आवाज झाला. तरी मी ढाल धरूनच. एक फटका. मग तिनडोक्या पडला, तुम्ही सगळ्यांनी “उखळ! उखळ!” लिहिलंत, आणि मी मागे वळले.

खिडकीच्या कडेवर आपटली होती. शिंपीणबाई धावत आली, तिच्याच ओढणीने कपाळ दाबून दवाखान्यात नेलं. टाके पडले. गोटी रडली ते आधी, टाके घालताना माझ्याकडे नुसतं बघत होती.

काल पुन्हा कॉम्प्युटर लावला. का लावला विचारू नका. आता सांगायचंच म्हणून लावला. तुम्ही शेकोटीपाशीच होतात.

“काय गं, मधेच कुठे पळालीस? लूट वाटायची राहिली. तुझी ठेवलीय बाजूला.”

म्हटलं, “पोर पडलं होतं.”

“तुला पोर आहे?”

“आहे. मुलगी. सासू न्यायचं म्हणते. दिराला मूल नाही म्हणून.”

वाट बघत होते. म्हटलं आता तरी कळेल. इतकं सारखं दुसऱ्या कुणाचं कसं असेल? आता विचाराल, नाव काय तुझं.

तुम्ही लिहिलंत, “मग देऊन टाक ना. मीपण दिली.”

“काय दिली?”

“माझी. आईला म्हटलं घेऊन जा, भावाकडे राहील. सगळ्यांचं भलं. बायको रडेल चार दिवस, मग तीच म्हणेल सुटले.”

मी लिहिलं, “आणि पोरीचं काय?”

“वर्षाची पोर, तिला काय कळतंय? चल, ढाल घे. तिनडोक्या पुन्हा उठलाय.”

गोटी दोन वर्षांची होऊन गेली. पळते. बोलते. तुमच्या डोक्यात ती अजून रांगतेच आहे.

आई खोटं बोलत नव्हत्या. इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात खोटारडी म्हणत होते, आणि त्या बिचाऱ्या तुमचाच निरोप घेऊन येत होत्या. त्या हसल्या का ते आता कळलं.

तुम्ही दोनदा लिहिलंत, “आहेस का? आहेस का गं?” मी कॉम्प्युटर बंद केला.

कासवाला सांगितलं सगळं. ती म्हणाली, “मी बस आणते. कुठे नेऊ सांग तुम्हा दोघींना.” मला कुठलंच नाव सुचलं नाही. ती कुठल्या गावात आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही. म्हणाली, “विचार कर, मी दुपारी झाडाखाली असते.” विचार केला. कुठे जायचं ते ठरलं असतं तर विचार पुढे गेला असता.

आईंना मी दुपट्यात गुंडाळून गोटी दाखवली, कपाळ झाकून. त्यांनी दुपटं काढलं. शिंपीणबाई मागे उभी होती, तिला वाटलं मला मदत करतेय, म्हणून म्हणाली, “पोरीचं काही चुकलं नाही हो, ही कॉम्प्युटरवर होती, लक्ष नव्हतं एवढंच.”

आई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. टाक्यांवरून हलकेच बोट फिरवून म्हणाल्या, “उन्हाळ्यापर्यंत कशाला थांबायचं मग.”


२१ एप्रिल

अरे,

तुझं पत्र मिळालं. आज लावला कॉम्प्युटर तर उखळच्या पेटीवर झेंडा. मला वाटलं कासवाचं असेल. तू लिहिलंस, “उखळबाई, कुठे गायब? रोज दुपारी गुहेपाशी थांबतोय. तुझ्याशिवाय मजा नाही. दोन ओळी तरी टाक.”

टाकते दोन ओळी. वैदिणीची पत्रं तू उघडत नाहीस, उखळचं उघडशील, म्हणून हे तिच्या नावावरून पाठवते. मी गोटीची आई. लगेच बंद करू नको. भांडायला लिहिलेलं नाही, परत ये म्हणायलाही नाही. तुझ्या वाटेत पुन्हा उभी राहणार नाही. लूट ठेवली आहेस ती दुसऱ्या कुणाला दे.

गोटीला गुरुवारी नेलं. आई, भाऊजी, जाऊबाई, तिघं आले. मी दाराला कडी लावली होती. भाऊजी बाहेरून म्हणाले, “हे बघा, उगाच शेजारपाजार गोळा करू नका.” त्यांच्याकडे किल्ली आहे, कडी आतून होती. मी उघडली. कोणी तोडली नाही, मीच उघडली. पॉइंट दमात घालायचे म्हणजे कुठे, ते खेळात दाखवतात तसं खऱ्यात कोणी दाखवत नाही रे.

गोटी रडली नाही. तिला वाटलं फिरायला निघालो. जाऊबाईंच्या कडेवरून मला म्हणाली, “चल.” मी म्हटलं येते मागून. रिक्षा वळेपर्यंत ती मला बोलावत होती, हात असा आत ओढून.

तिचं सगळं मी आईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, “चार पोरं वाढवलीत मी, मला शिकवू नको.” जाऊबाईंना सांगावं तर त्या माझ्याकडे बघेचनात. फोन केला तर उचलत नाहीत. तुझा उचलतील. म्हणून तुला सांगते, तू त्यांना सांग.

भूक लागली की ती मागत नाही. चुलीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते. त्यांना वाटेल हट्ट करतेय. ओरडतील. तो हट्ट नाही, तिला जेवायला द्यायचं. दूध कोमट लागतं, आणि वरची साय काढून. साय आली की ती तोंडात धरून ठेवते, गिळत नाही, आणि तासाने कुठेतरी गादीवर टाकते. निजताना तिला कुणाचा तरी कान लागतो धरायला. माझा डावा धरायची. जाऊबाईंनी कानातलं काढून ठेवायला हवं, नाहीतर ओढेल आणि त्यांनाच लागेल. टाके काढून झालेत, पण जखमेला खाज सुटते, नखं बारीक ठेवायची. नखं जागेपणी कापू देत नाही, निजली की कापायची. मोठ्याने कोणी हसलं तर दचकते. रडत नाही, पण नंतर किती वेळ हसणाऱ्याकडेच बघत बसते. त्या वेळी तिला उचलायचं.

आणि झोपेतून उठून ती पाणी म्हणेल. उठून पाणी आणायला गेलं तर ती आणखी जोरात पाणी पाणी करत रडते. तिला पाणी नको असतं. तिला तेवढा एकच शब्द सापडतो त्या वेळी. दिवा लावायचा नाही, काही विचारायचं नाही, नुसतं जवळ ओढून घ्यायचं.

हे जाऊबाईंना आजच कळव. मी सांगितलं असं म्हणू नको, आईंना कळलं तर त्या मुद्दाम उलटं करतील. तुझं तुलाच आठवलं असं सांग.